‘कुठेच न जाणारा प्रवास’ आणि जत्रेची वाट : शिरूर-दौंड परिसरातील फिरत्या फडांच्या संदर्भात एका स्पॅनिश चित्रपटाचा विचार

फेर्नांदो फेर्नान गोमेस या स्पॅनिश नट-दिग्दर्शकाचा ‘एल व्हियाखे आ निंगुना पार्ते’ हा चित्रपट १९८६ मध्ये प्रदर्शित झाला. या नावाचा सरळ मराठी अर्थ ‘कुठेच न जाणारा प्रवास’ असा होईल. हे कथानक आधी नभोवाणीवर मालिकारूपाने आले, १९८५ मध्ये त्याची कादंबरी झाली आणि मग त्याच लेखकाने तिचा चित्रपट केला. स्पेनमधील ‘गोया’ पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९८७ मध्ये, सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा हे तिन्ही मान त्याला मिळाले. लेखकाचा या विषयाशी असलेला संबंध केवळ अभ्यासाचा नव्हता. त्याची आई नटी होती आणि नाटक मंडळीबरोबर दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच, १९२१ मध्ये, पेरू देशातील लिमा येथे त्याचा जन्म झाला. बिऱ्हाड पाठीवर घेऊन जगणाऱ्या माणसांची ही कथा अशा रीतीने त्याला घरातूनच मिळाली होती.

चित्रपटातील मंडळीचे नाव इनिएस्ता-गाल्वान. स्पेनमधील यादवी युद्ध (१९३६-३९) संपून फ्रांकोची हुकूमशाही स्थिरावल्यानंतरचा हा काळ आहे. आठ-दहा नटनट्यांची ही मंडळी मध्य स्पेनच्या पठारावरील खेड्यांतून फिरते आणि कॅफेत, एखाद्या सभागृहात, मिळेल त्या जागी विनोदी नाटके करते. म्हातारा दोन आर्तुरो गाल्वान, त्याचा मुलगा कार्लोस आणि नातू कार्लितोस अशा तीन पिढ्या मंडळीत आहेत. ‘दोन’ हे येथे संख्यावाचक नसून स्पॅनिशमधील आदरार्थी संबोधन आहे, हे सांगणे अस्थानी होणार नाही. दोन आर्तुरोची भूमिका स्वतः दिग्दर्शकाने केली आहे. कार्लितोस हा दूर गॅलिसियात वाढलेला, वयात आल्यावर अचानक बापाकडे येऊन दाखल झालेला मुलगा. त्याला नाटकात काम करायचे नाही आणि करताही येत नाही. गावोगाव यंत्र आणि पडदा घेऊन फिरणारा एक सिनेमावाला मंडळीच्या आगेमागे असतो, आणि जेथे तो पोहोचतो तेथे नाटकाला प्रेक्षक उरत नाहीत. माणसे एकेक करून गळतात. ही सारी हकीकत म्हातारा झालेला कार्लोस १९७३ मध्ये एका वृद्धाश्रमात डॉक्टरला सांगतो आहे. पुढे आपण माद्रिदला गेलो, सिनेमात नाव काढले, मानसन्मान मिळवले असे तो सांगू लागतो आणि हळूहळू उघड होते की यातले पुष्कळसे घडलेलेच नाही.

या चित्रपटाविषयी लिहिताना सिनेमाने नाटक मारले, एवढाच त्याचा आशय सांगण्याची प्रथा आहे. मराठी वाचकाला हा निष्कर्ष ओळखीचा असल्याने तो चटकन पटतोही. परंतु पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून जाणाऱ्या तमाशा फडांच्या व्यवहाराशेजारी हा चित्रपट ठेवून पाहिला, तर त्याचा प्रश्न निराळा असल्याचे ध्यानात येते. कलावंत प्रेक्षकाकडे जातो, की प्रेक्षक कलावंताला बोलावतो? आणि ज्याला कोणी बोलावलेलेच नाही, त्याची आठवण कोणी ठेवायची? इनिएस्ता-गाल्वान मंडळीचा प्रवास कुठेच जात नाही, याचे कारण वाटेवरच्या कोणत्याच गावाने तिला आमंत्रण दिलेले नसते.

स्पॅनिशमध्ये अशा नटांना ‘लीगवरचे नट’ म्हणत. लीग म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरचे अंतर. राजाचा परवाना नसलेल्या मंडळ्यांना मोठ्या शहराच्या एक लीग आत मुक्कामाला मज्जाव असे, अशी या नावाची रूढ उपपत्ती आहे. आगुस्तीन दे रोखास हा स्वतः नट होता. त्याने १६०३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात अशा मंडळ्यांचे आठ प्रकार वर्णिले आहेत. एकट्याने पायी फिरणाऱ्या नटापासून सुरुवात करून दोघांची जोडी, मग तीन-चारांचा मेळ असे चढत चढत तो संपूर्ण मंडळीपर्यंत पोहोचतो. त्यातला एकटा नट गावात शिरताच पाद्रीला गाठतो आणि आपल्याला एक नाटक येते असे सांगतो. पाद्री मग न्हाव्याला आणि देवळातल्या सेवकाला बोलावून आणतो, पेटीवर उभा राहून नट सगळ्या भूमिका एकटाच म्हणतो, आणि टोपी फिरवून जे मिळेल ते घेऊन पुढची वाट धरतो. साडेतीन शतकांनी गाल्वान मंडळी हेच करते. फरक इतकाच, की पाद्रीच्या जोडीला आता गावचा अधिकारी आणि कॅफेचा मालक यांचीही मर्जी राखावी लागते. याचनेचे स्वरूप मात्र बदललेले नाही.

शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. भीमा आणि घोड या नद्यांनी त्यांना पाणी दिले, घोडगंगा आणि भीमा या सहकारी कारखान्यांनी उसाचा पैसा दिला. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, आणि पुण्याहून नगरकडे आगगाडीने जायचे तर वाट दौंडवरून. १८८० मध्ये उभी राहिलेली किर्लोस्कर नाटक मंडळी आणि तिच्या मागून आलेल्या संगीत मंडळ्या यांचे जग हे या लोहमार्गांचे जग होते. पडदे, पेट्या, आचारी, गडीमाणसे यांसह त्या जेथे नाट्यगृह आहे अशा शहरात उतरत आणि तेथे मुक्काम करीत. खेड्यांची वाट मात्र तमाशाची होती. ती आधी पायी आणि बैलगाडीने, पुढे मालमोटारीने कापली गेली. वाघोलीकडून शिक्रापूर-रांजणगाववरून शिरूरला जाणारा नगर रस्ता आणि यवत-चौफुला-पाटसवरून जाणारा सोलापूर रस्ता या दोन धमन्यांना फुटलेल्या आडवाटांवर फडांचे जीवन चालत आले आहे.

या परिसरात कलावंत आणि प्रेक्षक यांच्या भेटीच्या तीन तऱ्हा दिसतात. ढोलकीफडाचा तमाशा एक तर स्वतःची कनात उभारून तिकिटावर खेळ करतो, किंवा गावाची सुपारी घेऊन जत्रेत उभा राहतो. तिसरी तऱ्हा संगीतबारीची. तेथे कलावंत एका जागी राहतो आणि रसिक त्याच्याकडे येतो. तमाशाच्या अभ्यासात ढोलकीफड आणि संगीतबारी हा भेद प्रामुख्याने सादरीकरणाच्या अंगाने सांगितला जातो. गण, गौळण, बतावणी, वग अशी रचना कोठे आहे आणि कोठे केवळ लावणीची बैठक आहे, हे त्याचे गमक मानले जाते. ते बरोबरच आहे. मात्र प्रवासाच्या दृष्टीने पाहिल्यास कनातीचा खेळ आणि सुपारीचा खेळ यांच्यातील अंतरही तितकेच मोठे ठरते. फड तोच, वग तोच, मावशीही तीच, पण यजमान बदललेला असतो.

कनातीचा फड गाल्वान मंडळीला सर्वांत जवळचा. विजयादशमीला नारळ फुटतो आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हंगाम आटोपतो. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसे असतात. त्यांत नर्तकी, गायक, वगातील पात्रे, ढोलकीवाले, पेटीवाले येतात, तसेच स्वयंपाकी, वाहनचालक आणि तंबू उभारणारे कामगारही येतात. रात्री खेळ, पहाटे तंबू उतरवणे, उजाडता उजाडता गाड्यांतून पुढच्या गावी, दुपारी मिळेल त्या सावलीत झोप, आणि संध्याकाळी पुन्हा कनात. गर्दी होईल की नाही, हे खेळ सुरू होईपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे उचित होईल. मराठीत ‘फड’ हा शब्द तमाशाच्या मंडळीलाही लागतो आणि तोडणीच्या उसालाही. दोन्ही फडांचे हंगाम जवळपास एकाच काळात येतात आणि दोन्हींत काम करणारा माणूस हंगामापूर्वी ‘उचल’ घेऊन बांधला जातो. ऊसतोडणी कामगाराची उचल मुकादमाकडून, कलावंताची फडमालकाकडून. फडमालक स्वतः पुन्हा व्याजाने पैसा उभा करतो तो वेगळाच. पावसाळ्यातील घरखर्च, मुलाबाळांची आजारपणे, एखादे लग्न या साऱ्यांपायी घेतलेली उचल पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत नाचून फेडायची असते. शब्दाची ही जुळणी योगायोगाची असेल, पण व्यवहाराची तशी नाही. गाल्वान मंडळीत असे कर्ज दिसत नाही, कारण तिला कर्ज देण्याइतका भरवसा कोणाचाच नाही. तमाशाचा फड कर्जात बुडतो, याचा एक अर्थ असा की, येणाऱ्या चैत्रात गावे त्याला बोलावतीलच, यावर सावकाराचा विश्वास असतो.

हे बोलावणे म्हणजे सुपारी. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी समजली जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि पुणे, नगर, नाशिक या जिल्ह्यांतील गावकारभारी आपापल्या जत्रेसाठी फड ठरवायला येतात. शिरूरच्या गावांना हे ठिकाण तसे शेजारचेच. गावात घरटी वर्गणी किंवा पट्टी काढलेली असते. तारीख देवाची असते, ती हलत नाही. त्यामुळे एकाच पौर्णिमेला अनेक गावांना फड हवा असतो आणि त्या दिवशीचा भाव चढतो, तर आडतारखेला तोच फड कमी पैशात उभा राहतो. इसार दिला-घेतला की शब्द पक्का होतो.

जत्रेच्या दिवशी फड गावात येतो तो याचक म्हणून येत नाही. तो देवाच्या कार्यक्रमाचा भाग असतो. सकाळी अभिषेक, दुपारी नैवेद्य, रात्री पालखी किंवा छबिना, आणि त्यानंतर तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी कलावंतांच्या ‘हजेऱ्या’ होतात आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. हजेरीचा हा प्रकार नागर वाचकाला फारसा परिचित नसतो. रात्रभर वग करून थकलेले कलावंत दिवसाउजेडी गावासमोर उभे राहतात, गाणी म्हणतात, आणि लोक नाव पुकारून बक्षीस देतात. रात्रीच्या प्रकाशात राजा झालेला माणूस सकाळी रंग उतरलेल्या चेहऱ्याने गावाला दिसतो आणि गाव त्याला ओळखीने हाक मारते. कलावंत आणि गाव यांच्यात येथे जे नाते जुळते, त्याला इनिएस्ता-गाल्वान मंडळीच्या अनुभवात जागा नाही. तेथे खेळ संपला की पुढची वाट धरायची असते.

अर्थात गावाचे हे यजमानपण भाबडेपणाने रंगवण्याचे कारण नाही. ज्या मांग, महार, कोल्हाटी आदी समाजांतून तमाशाचे बहुसंख्य कलावंत आले, त्यांना गाव रात्री डोक्यावर घेई आणि दिवसा त्यांच्या पाण्याची सोय वेगळी ठेवी. स्पेनमधील नटाची अवहेलना त्याच्या धंद्यामुळे होती. धंदा सोडला की ती पुसली जाण्याची शक्यता असे. कार्लितोस मंडळी सोडून जाऊ शकतो, तसे जातीतून निघून जाणे शक्य नव्हते. सरकारचाही ससेमिरा दोन्हीकडे होता. गाल्वान मंडळीला अधिकाऱ्याची सही लागे, तर स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तमाशावरच बंदी घातली. पुढे तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर खेळ पुन्हा सुरू झाले. ज्या वगाची लिखित संहिता बहुधा नसेच, त्याची संहिता प्रथम मागितली ती सरकारने, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

दौंड तालुक्यातील चौफुला हे संगीतबारीचे महाराष्ट्रातील एक प्रसिद्ध ठिकाण. पुणे-सोलापूर महामार्गावरची तेथील कला केंद्रे मोडनिंब आणि जामखेडच्या केंद्रांच्या जोडीने नेहमी उल्लेखिली जातात. येथे प्रवास उलटा होतो. पार्टी केंद्रात राहते, आणि रस्त्याने येणारा रसिक थांबून बैठक ठरवतो. पार्टीची मालकीण स्त्री असते आणि तिच्याच नावाने पार्टी ओळखली जाते. उत्पन्नात केंद्रचालकाचा आणि वादकांचा हिस्सा ठरलेला असतो. तंबू नाही, गाड्या नाहीत, गर्दीची चिंताही नाही. परंतु ज्याची दौलतजादा त्याचीच फर्माईश, त्यामुळे कलेची निवड त्या रात्रीच्या एका रसिकाच्या हाती जाते. जत्रेत गाव यजमान असतो, येथे एक माणूस. चौफुल्याच्या बैठकीत किती जुनी लावणी ऐकू येईल आणि किती सिनेमाची गाणी, हे त्या माणसावर ठरते. वगाला तर येथे स्थानच नाही. चित्रपटात अशा स्थिर जागेचे प्रतिरूप नाही. त्यातील माणसांसमोर फिरणे किंवा धंदा सोडणे एवढे दोनच पर्याय उरतात.

आता सिनेमाचा प्रश्न. चित्रपटातील सर्वांत दुखरा प्रसंग दोन आर्तुरोचा आहे. चित्रीकरणासाठी आलेल्या लोकांना एका लहानशा भूमिकेसाठी म्हातारा माणूस हवा असतो आणि आर्तुरोला ती मिळते. आयुष्यभर मागच्या खुर्चीपर्यंत आवाज पोहोचवलेला हा नट कॅमेऱ्यासमोरही तसाच गर्जतो. दिग्दर्शक पुन्हा पुन्हा समजावतो, साधे बोला म्हणतो, आणि म्हाताऱ्याला साधे बोलणे म्हणजे काय तेच उमगत नाही. प्रेक्षक आधी हसतो आणि मग त्याला हसल्याची लाज वाटते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात याची आठवण देणारी, पण पुष्कळ वरच्या पातळीवरची घटना आहे. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका केली. प्रेक्षकांनी ज्यांना स्त्रीवेषात डोळ्यांत साठवले होते ते पुरुषवेषात पडद्यावर आले, आणि काही काळातच ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. तेथे नट कमी पडला असे कोणी म्हणणार नाही. ज्या संकेतांवर त्याची कला उभी होती, ते संकेत कॅमेऱ्याला ठाऊक नव्हते. दोन आर्तुरोचेही तेच आहे. त्याला वाईट नट ठरवणारी समीक्षा हा प्रसंग उथळपणे वाचते.

तमाशाने मात्र सिनेमाशी असा एकाकी सामना केला नाही. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांनी तमाशातून उचलले, आणि फडांनीही पडद्यावरची गाणी निःसंकोचपणे आपल्या रंगबाजीत घेतली. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, गावोगाव फिरणारा तंबूतला सिनेमा महाराष्ट्रात जत्रेच्याच मैदानावर आला. एका बाजूला फडाची कनात आणि पलीकडे टूरिंग टॉकीज असे दृश्य पुष्कळ वर्षे राहिले. दोघांचा यजमान एकच होता, तो म्हणजे देव. स्पेनमधला सिनेमावाला नटांची गावे हिरावून घेतो. येथे जत्रेत आलेला माणूस एका रात्री दोन्ही तंबूंत जाऊन येई. पुढे दूरचित्रवाणी आणि मोबाइल आल्यावर आधी थकला तो तंबूतला सिनेमाच. त्याची अखेरची घरघर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या अनुबोधपटात नोंदवली गेली आहे. सिनेमावाल्याचे पुढे काय झाले हे फेर्नान गोमेसच्या चित्रपटाला सांगायचे नव्हते. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या जत्रांत मिळाले.

तेव्हा फडाला धोका झाला तो पडद्यामुळे नव्हे, तर यजमानाचे मन बदलू लागल्यामुळे. जत्रा समितीने त्याच वर्गणीतून ऑर्केस्ट्रा किंवा लावणीचा निव्वळ नाचगाण्यांचा कार्यक्रम ठरवला, तर देवाची तारीख तशीच राहते, मैदान तेच राहते, आणि फड मात्र राहुटीत बसून राहतो. शिवाय रात्री उशिरा ध्वनिक्षेपक बंद करण्याच्या नियमामुळे पहाटेपर्यंत चालणाऱ्या वगाचा गळा आवळला गेला. वग आखडला, रंगबाजी वाढली. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदी त्याच दिवशी लागू झाली. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले. दोन चैत्र असे गेले. कनातीची गावे गेली असती तर फड दुसरीकडे वळला असता, पण सगळ्याच गावांची सुपारी एकदम गेली तेव्हा उचल फेडायला वाटच उरली नाही.

आठवणीचा प्रश्न यातूनच उभा राहतो. कार्लोस गाल्वान खोटे सांगतो, असे चित्रपटाचा सारांश देणारे लिहितात. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. परंतु त्याच्याजवळ खऱ्याचा तरी पुरावा कोठे आहे? ज्या गावांत त्याने खेळ केले त्यांतल्या एकालाही त्याचे नाव आठवत नसेल. जाहिरात छापली नाही, परीक्षण आले नाही. आपण नट होतो याचे साक्षीदार नाहीत, म्हणून तो साक्षीदारांसकट एक आयुष्य रचतो. माद्रिदचे मानसन्मान त्याला मिळाले नाहीत, हे डॉक्टर शोधून काढू शकतो; खेड्यात एका रात्री लोक हसले होते की नाही, हे कोणालाच शोधून काढता येणार नाही. लोककलावंतांच्या मुलाखती घेणाऱ्या मराठी संशोधकाला हा पेच चांगला परिचित असतो. सन जुळत नाहीत, एकच वग तिघे आपला म्हणून सांगतात, बक्षिसाचा आकडा दर वेळी वाढतो. अशा कथनाला ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारून बाजूला ठेवण्याची सवय प्रबंधलेखनाला लागलेली आहे. वास्तविक त्या वाढवलेल्या आकड्यात कलावंताने आपले मोल काय मानले होते, याची नोंद असते.

फडांना मात्र कार्लोसला नसलेला एक आधार आहे, तो त्यांच्या नावातच. नारायणगावकर, सातारकर, धवळपुरीकर, इंदुरीकर, कवठेकर अशी ग्रामनामे फडांनी आडनावासारखी धारण केली. वर्षातले सात-आठ महिने रस्त्यावर काढणाऱ्या माणसांनी गावाचे नाव लावावे, यात जितके अगत्य आहे तितकीच युक्तीही आहे. ग्रामनाम जातीचे नाव झाकते आणि ज्या गावाने घर दिले त्याच्याकडे कायमचा हक्कही मागते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या फडाने जात आणि गाव ही दोन्ही नावे उघडपणे मिरवली, आणि त्याच घराण्यातील विठाबाईंना १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. २००२ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या अखेरच्या काळातील हलाखी सर्वश्रुत आहे. त्यांच्या नावाने राज्य शासन आता जीवनगौरव पुरस्कार देते.

यातील ‘कवठेकर’ हे नाव शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावाचे. गंगाराम कवठेकर यांच्यासारखा नावाजलेला तमाशा कलावंत याच गावचा, आणि बी. के. मोमीन कवठेकर (१९४७-२०२१) हे लावणीकार आणि वगलेखकही इथलेच. दत्ता महाडिक, रघुवीर खेडकर, मंगला बनसोडे अशा अनेकांच्या फडांसाठी मोमीन यांनी गण, गौळणी, लावण्या आणि वग लिहिले. विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार त्यांना २०१८ साठी मिळाला. मुसलमान घरात जन्मलेल्या कवीने गणपतीला वंदन करणारा गण लिहावा, यात तमाशाच्या परंपरेला काही नवल वाटत नाही. जेजुरीच्या सगनभाऊपासून ती वाट चालत आलेली आहे. मोमीन यांचे आणखी एक काम अभ्यासकांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. आपल्या भोवतालच्या तमाशा कलावंतांच्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या. फडासाठी लिहिणाऱ्याने फडातल्या माणसांविषयीही लिहिले. कार्लोसला जो साक्षीदार मिळाला नाही, तो कवठ्याच्या परिसरातील कलावंतांना मिळाला, आणि तो बाहेरून आलेला संशोधक नव्हता.

तरीही मोमीन यांच्यासारखे लेखक गावाच्या स्मरणात कितपत राहतात, हे पाहिले म्हणजे यजमानपणाची मर्यादा कळते. वगाचा कच्चा आराखडा फडात ठरतो, संवाद पात्रे रंगमंचावर रचतात, आणि गाजलेला वग फडाच्या नावावर जमा होतो. उमाजी बाबू यांच्या ‘मोहना बटाव’ला पहिल्या वगाचा मान दिला जातो. त्याच्यानंतर रचल्या गेलेल्या असंख्य वगांचे कर्ते कोण, हे आज क्वचितच सांगता येते. झीलकरी, ढोलकीवाले, दुय्यम नर्तकी यांची तर नावेच उरत नाहीत. या संदर्भात एका साधनाकडे मराठी विभागांचे फारसे लक्ष गेलेले नाही. दरवर्षी प्रत्येक गाव जत्रेचे पत्रक छापते आणि वर्गणीची वही ठेवते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील गावांची अशी पत्रके आणि वह्या देवस्थानांच्या कपाटांत, पंचांच्या घरी, कधी माळ्यावर पडलेल्या असतात. कोणत्या वर्षी कोणता फड आला, त्याला काय दिले, आणि कोणत्या वर्षापासून फडाच्या जागी ऑर्केस्ट्रा आला, याचा हिशेब त्यांतून लागू शकतो. पत्रकात देवाचे नाव ठळक असते, देणगीदारांची यादी लांबलचक असते, फडाचे नाव एका ओळीत असते आणि खाली ‘सकाळी हजेऱ्या’ असे छापलेले असते. त्या रात्री कोणता वग होणार आणि तो कोणी लिहिला, हे मात्र त्यात नसते.